मंडळीबाहेरचा ख्रिस्त आणि आपण

लातूरच्या एका कार्यकर्ता शिबिरात शेवटच्या बैठकीत नांदेड जिल्ह्यातील एका तरुण साथीने एक प्रश्न विचारला. ऊसतोड कामगारांची नोंदणी, पीकविमा, रोजगार हमीची थकलेली मजुरी हे विषय आटोपले होते आणि माणसे परतीच्या गाडीची वेळ पाहत होती. त्याच्या गावच्या मातंग वस्तीत एका घरी दर रविवारी संध्याकाळी पंधरा-वीस माणसे जमतात. ढोलकीवर येशूची भजने म्हणतात, शुभवर्तमानातला एखादा उतारा वाचतात, कोणी आजारी असेल तर त्याच्यासाठी प्रार्थना करतात आणि चहा घेऊन आपापल्या घरी जातात. त्यांतील बहुतेकांनी बाप्तिस्मा घेतलेला नाही. कोणत्याही मंडळीच्या पटावर त्यांची नावे नाहीत. भिंतीवर अण्णा भाऊ साठे यांची तसबीर आहे आणि पेटीत जपून ठेवलेल्या दाखल्यावर 'हिंदू मांग' असे लिहिलेले आहे. गावातील काही वजनदार माणसांनी हे भजन बंद करा म्हणून त्यांना बजावले आहे.

साथीचा प्रश्न साधा होता. ''या लोकांच्या बाजूने आपण उभे राहायचे ते काय म्हणून? ते ख्रिस्ती आहेत असे आपणच म्हटले तर त्यांचा दाखला धोक्यात येतो. ते हिंदू आहेत असे म्हटले तर भजन येशूचे कसे, असे गाव विचारते.'' बैठकीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले की, धर्माच्या भानगडीत आपण पडू नये. आपले प्रश्न भाकरीचे आहेत. बैठक संपली. त्या उत्तराने त्या तरुणाचे समाधान झाले नाही, आणि माझेही झाले नाही. कारण हा प्रश्न नुसता धर्माचा नाही. तो जातीचा आहे, दाखल्याचा आहे, म्हणजे भाकरीचाही आहे. आणि त्याहून अधिक, माणसाने आपल्या घरात कोणापुढे हात जोडावेत हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, याचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. संघटित मंडळीच्या बाहेर राहून ख्रिस्ताला भजणे ही कोणी अलीकडे काढलेली युक्ती नव्हे. महाराष्ट्रात तिला शंभर वर्षांहून अधिक जुनी आणि मानाची परंपरा आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये वीस वर्षांहून अधिक काळ काम केले. परंतु परदेशी पैसा, परदेशी पंथभेद आणि परदेशी पेहराव यांच्या ओझ्याखाली येथील ख्रिस्ती माणूस स्वतःच्या पायांवर उभा राहू शकत नाही, हे त्यांना सलत राहिले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, साताऱ्यास बिऱ्हाड हलवले आणि 'देवाचा दरबार' स्थापन केला. या दरबाराची एक गोष्ट आजच्या आपल्या प्रश्नाशी थेट भिडते. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना तेथे सारखीच जागा होती. टिळक दोन वर्षांच्या आत, ९ मे १९१९ रोजी निवर्तले आणि त्यांच्यामागे दरबार टिकला नाही. पण त्यांनी विचारलेला प्रश्न टिकून राहिला : ख्रिस्ताचा शिष्य कोण, हे पटावरची नोंद ठरवणार की माणसाचे जीवन?

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याहून आधीचे आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला खरा. पण ज्या भगिनींच्या आश्रयाला त्या राहत होत्या, त्यांच्याशीच धर्मतत्त्वांवरून त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. चर्चने सांगितले म्हणून एखादे मत मान्य करावयाचे, हे त्या बुद्धिमान स्त्रीला पटेना. पुरोहितशाहीचे एक जोखड फेकून दिल्यावर दुसरे मानेवर घेण्याची त्यांची तयारी नव्हती. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलींना आणि विधवांना आश्रय दिला, हाताला काम दिले, सबंध पवित्र शास्त्राचे स्वतः मराठीत भाषांतर केले. पण कोणत्या एका पंथाची मालकी आपल्या कामावर चालू दिली नाही.

आपल्या मातीला हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. चोखोबांना देवळात प्रवेश नव्हता, म्हणून त्यांची भक्ती उणी ठरली नाही. गंगाखेडच्या जनाबाईंनी दळता-कांडताना देव आपल्या जवळ आणला. त्यासाठी कोणा बडव्याची परवानगी घेतली नाही. खुद्द नांदेडात १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी देहधारी गुरूंची परंपरा थांबवली आणि गुरुत्व ग्रंथाकडे सोपवले. जोतीराव फुल्यांनी तर निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको, हा सत्यशोधक समाजाचा पायाच घातला. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त एका कुटुंबाचे चित्र आहे. त्यात पत्नी बौद्ध होईल, पती ख्रिस्ती होईल, मुलगी मुसलमान होईल, मुलगा सत्यधर्मी होईल, आणि तरीही सर्वांनी एकमेकांचा हेवा न करता एका घरात प्रेमाने राहावे, असे जोतीराव सांगतात. जो पक्ष फुल्यांचे नाव घेतो, त्याला मातंग वस्तीतले ते घर कोड्यात टाकते, याचा अर्थ आपण फुले वाचले, पचवले नाहीत.

मातंग समाजापुरते बोलायचे तर आणखी एक आठवण देणे भाग आहे. १८५५ मध्ये फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. तो छापला 'ज्ञानोदया'ने, म्हणजे मिशनऱ्यांच्या नियतकालिकाने. वेदांवर अधिकार नाही, देवळात पाऊल ठेवता येत नाही, मग आमचा धर्म तरी कोणता, असे त्या चौदा वर्षांच्या मुलीने विचारले होते. त्या प्रश्नाला पावणेदोनशे वर्षे होत आली. आज त्याच समाजातील एखादे कुटुंब आपल्यापुरते उत्तर शोधून घराच्या ओसरीवर भजन म्हणू लागते, तेव्हा ज्यांनी त्याला कधी देवळात घेतले नाही तेच 'तुमचा धर्म धोक्यात आहे' म्हणून त्याच्या दारात उभे राहतात! १९४७ मध्ये पंढरपूरच्या देवळाची दारे उघडावीत म्हणून साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले होते, हे त्यांनी विसरले तरी आपण विसरता कामा नये.

आता कायद्याकडे वळू. राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे, तो व्यक्तीला. पंथांना आणि धर्मसंस्थांना आपला कारभार पाहण्याचा हक्क मिळतो तो पुढच्या, सव्विसाव्या अनुच्छेदात. हा क्रम मला अर्थपूर्ण वाटतो. आधी माणूस आहे, मग मंडळी आहे. ज्याच्यापाशी सभासदत्वाची पावती नाही त्याची श्रद्धा घटनेच्या लेखी कमी प्रतीची ठरत नाही.

परंतु घटनेने पुढच्या दाराने जे दिले, ते १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने मागच्या दाराने काढून घेतले. त्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाप्रमाणे हिंदू धर्माहून वेगळा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जात नाही. १९५६ मध्ये त्यात शीख धर्माची आणि १९९० मध्ये बौद्ध धर्माची भर पडली. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित अद्याप बाहेरच आहेत. याचा अर्थ काय होतो, हे एका खटल्यावरून कळेल. मद्रासमध्ये फुटपाथवर बसून जोडे शिवणाऱ्या एका ख्रिस्ती चर्मकाराला, अनुसूचित जातीतील चर्मकारांना सरकारकडून मिळणारी टपरी नाकारण्यात आली. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८५ मध्ये हरला. धर्म बदलल्यावरही जातीचे अपंगत्व तितकेच तीव्र राहते याचा पुरावा पुढे आलेला नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. फुटपाथ तोच, आरी तीच, समोरून जाणाऱ्याची नजर तीच. बदलला होता फक्त देव. सरकारने मात्र देव पाहिला, आरी पाहिली नाही.

२६ नोव्हेंबर २०२४ रोजी, नेमक्या संविधानदिनी, सर्वोच्च न्यायालयाने पुद्दुचेरीच्या एका तरुणीचा अनुसूचित जातीच्या दाखल्याचा दावा फेटाळला. तिचा बाप्तिस्मा झालेला आहे आणि ती नियमित चर्चला जाते, या गोष्टी तेथे महत्त्वाच्या ठरल्या. केवळ आरक्षणासाठी हिंदू म्हणवून घेणे ही घटनेशी प्रतारणा आहे, असे न्यायालयाने म्हटले. निकालाच्या कायदेशीर बाजूवर वाद घालणारे घालतील. कार्यकर्त्याने त्याचा खेड्यातला परिणाम पाहावा. बाप्तिस्म्याची नोंद आणि चर्चमधली हजेरी हाच विरोधातला पुरावा होणार असेल, तर शहाणा माणूस नोंद टाळील आणि चर्चची पायरी चढणार नाही. म्हणजे मातंग वस्तीतले ते रविवारचे भजन जे मंडळीबाहेर राहिले आहे, ते सर्वस्वी टिळकांच्या वाटेने गेलेले असेलच असे नाही. त्यामागे तहसील कचेरीचे भयही असू शकते.

आणि प्रश्न केवळ शिष्यवृत्तीचा किंवा नोकरीचा नाही. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षणही अनुसूचित जातीच्या ओळखीवर अवलंबून आहे. २०२५ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ख्रिस्ती झालेल्या एका पाळकाला त्या कायद्याचा आश्रय नाकारला. म्हणजे मारणारा जात पाहून मारील आणि न्यायालयात उभा राहून 'हा तर ख्रिस्ती' असे म्हणून सुटू पाहील. १९७८ मध्ये नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात दलितांची घरे जळाली आणि नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीला मातंग समाजातील पोचीराम कांबळे यांना ठार मारण्यात आले. ते मारेकरी कोणाचा धर्म तपासून आले नव्हते. हे मराठवाड्यात काम करणाऱ्याला तरी समजावून सांगावे लागू नये.

म्हणून मला या लेखात एकच भेद आग्रहाने मांडायचा आहे. मंडळीबाहेर राहण्याचे दोन प्रकार आहेत. एक टिळकांचा आणि रमाबाईंचा. तो विचारपूर्वक स्वीकारलेला आहे. तो स्वातंत्र्याचा आहे आणि आपण त्याचा आदर केला पाहिजे. दुसरा भयाचा आहे. दाखला जाईल, पाणी बंद होईल, मार पडेल म्हणून माणूस उघडपणे ख्रिस्ती होत नाही. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात : तेच घर, तीच ढोलकी, तेच भजन. पण पहिल्यात माणूस उभा आहे, दुसऱ्यात तो दबलेला आहे. मंडळीबाहेर राहण्याचा हक्क तेव्हाच खरा, जेव्हा मंडळीत जाण्याची वाटही मोकळी असते. ज्याला आत जाता येत नाही त्याच्या बाहेर राहण्याला श्रद्धेचे स्वातंत्र्य म्हणणे ही थट्टा आहे. कोण कोणत्या प्रकारचा, हे आपण त्याच्या उंबऱ्यावर उभे राहून विचारायचे नाही. दोन्ही वाटा निर्भय करणे एवढेच आपले काम आहे.

यावर आपल्याच साथींकडून काही आक्षेप येतील. त्यांतील काही रास्त आहेत आणि त्यांना सरळ उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप असा की, घरोघरच्या प्रार्थनांत रोग बरा करण्याच्या नावाखाली अंधश्रद्धा पसरते आणि कोणी स्वयंघोषित पाळक गरिबाच्या खिशात हात घालतो. असे घडत असेल तेथे आपण डोळे मिटू नयेत. मंडळीला निदान हिशेब, पंच, वरिष्ठ असतात. घरातल्या प्रार्थनेत एकट्या माणसाची मनमानी चालू शकते. आजाऱ्याला दवाखान्यापासून दूर ठेवून त्याच्या जिवाशी खेळ होत असेल तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या बलिदानानंतर आलेला तो कायदा बुवाचा धर्म पाहत नाही. पण एखाद्या आईने तापलेल्या लेकरासाठी डोळे मिटून प्रार्थना करणे हा गुन्हा नव्हे. तसे असते तर तुळजापूरची वाट कधीच ओस पडली असती.

दुसरा आक्षेप आरक्षणातील वाटेकरी वाढतील हा. तो मातंग आणि बौद्ध दोन्ही वस्त्यांत ऐकू येतो. तो करणाऱ्यांना आपण स्वार्थी म्हणू नये. जागा थोड्या आणि हात पुष्कळ, हे त्यांचे दुखणे खरे आहे. पण ज्याच्याविषयी आपण बोलत आहोत तो मातंग आजही त्याच यादीत आहे. त्याने देव बदलला म्हणून त्याला यादीतून काढल्याने दुसऱ्या मातंगाच्या घरी जेवण वाढत नाही. यादीतला एक माणूस घाबरतो एवढेच. जागा आटतात त्या सरकारी भरती थांबल्याने आणि खासगीकरणाने. तो लढा आपण सर्वांनी मिळून द्यायचा आहे.

तिसरा आक्षेप मला अधिक बोचतो, कारण तो सत्य आहे. संघटित मंडळीने तरी जात कोठे सोडली? बाबासाहेब आंबेडकरांनी ख्रिस्ती समाजाला हे खडे बोल सुनावले होते. दलित ख्रिस्ती होतो, पण त्याच्या सामाजिक अन्यायाविरुद्ध मंडळी रस्त्यावर उतरत नाही, ही त्यांची तक्रार होती. मराठवाड्यात जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात बेथेल हे गाव वसवून दलित कुटुंबांना जमीन आणि शाळा यांचा आधार दिला, हे मोठे काम होते. पण मिशनच अन्नदाता झाले की श्रद्धा आणि चाकरी एकमेकींत गुंततात, हेही टिळकांनी पाहिले होते. मंडळीच्या दोषांवर बोलण्याचा हक्क मंडळीतल्या आणि मंडळीबाहेरच्या ख्रिस्तभक्तांना आहे. त्याचा फायदा घेऊन भजन बंद पाडणाऱ्यांना तो नाही.

येथे आपल्या घरातलीही एक चूक कबूल केली पाहिजे. १९७८ मध्ये जनता पक्षाचे खासदार ओमप्रकाश त्यागी यांनी धर्मांतरावर निर्बंध घालणारे विधेयक लोकसभेत आणले. त्याला धर्मस्वातंत्र्य असे नाव होते! त्या पक्षात त्या वेळी आपलीही माणसे होती. सरकार कोसळले आणि विधेयक बारगळले, पण तो विचार संपला नाही. ओरिसाने १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये घातलेल्या पायावर अनेक राज्यांनी अधिक कडक कायदे उभे केले. महाराष्ट्रातही २०२५ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने अशा कायद्याचा विचार करण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आमिष दाखवून किंवा जबरदस्तीने कोणाचा धर्म बदलणे वाईटच. परंतु २०११ च्या जनगणनेप्रमाणे ज्या राज्यात ख्रिस्ती माणसे सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शंभरात एकही पुरती भरत नाहीत, तेथे मातंग वस्तीतील पंधरा माणसांच्या भजनाने कोणाचे सिंहासन हलते? हलते ते एवढेच की, ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खाली पाहिले ती माणसे स्वतःच्या मनाने काही ठरवू लागतात.

मग कार्यकर्त्याने करावयाचे काय? पहिली गोष्ट, १९५० च्या आदेशातील तिसरा परिच्छेद रद्द व्हावा, अशी स्पष्ट मागणी पक्षाने जिल्हा पातळीवर ठरावाने करावी. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये तीच शिफारस केलेली आहे. दुसरी, जातीच्या नावाने कोणी वाळीत टाकत असेल तर महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा हाताशी आहे, तो वाचून ठेवावा. तिसरी गोष्ट अगदी साधी, पण मोलाची आहे. मंडळीबाहेरच्या श्रद्धाळूचे खरे हाल लग्नात आणि मरणात होतात. पाळक लग्न लावीत नाही, कारण नाव पटावर नाही. मंडळीच्या दफनभूमीत जागा नाही, आणि गावच्या स्मशानात 'तुम्ही बाटलात' म्हणून अडवले जाते. लग्नासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे, त्याची माहिती द्यावी. दफनासाठी ग्रामपंचायतीने धर्म न विचारता जागा द्यावी, असा ठराव ग्रामसभेत मांडावा. माणूस कोणत्या देवाला हाक मारीत मेला, हे मातीला विचारायचे नसते.

आणि चौथी गोष्ट. त्यांच्या भजनाला आपण जावे. धर्म स्वीकारायला नव्हे. शेजारी म्हणून ओसरीवर बसायला. दारात पक्षाचा कार्यकर्ता बसलेला दिसला की दमदाटी करणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो, हा आपला जुना अनुभव आहे.

त्या तरुण साथीला शिबिरात जे उत्तर मिळायला हवे होते ते असे : ते ख्रिस्ती आहेत की हिंदू, हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुझ्यावर नाही आणि त्यांच्यावरही नाही. ती या देशाची नागरिक माणसे आहेत आणि आपल्या घरात बसून प्रार्थना करीत आहेत. त्यांच्या बाजूने उभे राहायला एवढे कारण पुरेसे आहे. येत्या रविवारी संध्याकाळी तू एकटा जाऊ नकोस. तालुक्यातल्या चार साथींना बरोबर घेऊन जा.